लॉइडच्या मूर्खपणाचे उपकार

कोल्हापूरहून मंत्रालयात काम घेऊन निघालेला माणूस रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसतो, सकाळी मुंबईत उतरतो आणि पुढे मादाम कामा रस्त्यावर पास काढायच्या रांगेत उभा राहतो. हातात पाणंद रस्त्याचे निवेदन असते, नाहीतर पाणीपुरवठा संस्थेच्या थकबाकीची फाइल. ज्या जमिनीवर तो उभा असतो, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भरतीचे पाणी खेळत होते. मंत्रालय, विधानभवन, मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये आणि मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींची ती गोल वळणाची रांग, हे सगळे समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर वसले आहे. महाराष्ट्राचा कारभार माणसाने केलेल्या बेटावरून चालतो.

या जमिनीच्या सर्वांत मोठ्या योजनेला त्या काळच्या मुंबईकरांनी ‘लॉइडचा मूर्खपणा’ असे नाव ठेवले होते. त्या मूर्खपणाची स्तुती मला करायची आहे आणि ती मनापासून करायची आहे. मूर्खपणाची स्तुती म्हटले की वाचक डोळा मिचकावण्याची वाट पाहतो; तसे इथे काही नाही. मुंबईवर आणि उभ्या महाराष्ट्रावर त्या मूर्खपणाचे उपकार आहेत. कोल्हापूरने ते जरा नीट समजून घ्यावेत, कारण पाण्याच्या जागी जमीन करण्याची हौस आता घाट चढून आपल्याकडेही आली आहे.

मुंबई मुळात सात बेटांची. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. शहाण्यांच्या हिशेबाने त्या बेटांची किंमत तेवढीच होती. भरतीला पाणी आत यायचे, ओहोटीला चिखल उघडा पडायचा आणि त्या चिखलाच्या तापाने गोरे साहेब पटापट मरायचे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत घुसून थेट भायखळ्यापर्यंतची सखल जमीन बुडवायचा.

ते खिंडार बुजवण्याचे पहिले मोठे वेड गव्हर्नर विल्यम हॉर्नबीचे. १७७१ ते १७८४ या काळात तो इथे होता. लंडनच्या संचालकांना खर्च मान्य नसताना त्याने बांधाला हात घातला, असे सांगतात. बांध काही टिकेना. मग कथा येते ती पाठारे प्रभू समाजातल्या रामजी शिवजींची. बांधकाम त्यांच्याकडे होते. स्वप्नात त्यांना देवी दिसली. मला पाण्यातून बाहेर काढ, मग तुझा बांध उभा राहील, असे तिने सांगितले. जाळी टाकून महालक्ष्मी, महाकाली आणि महासरस्वती यांच्या मूर्ती वर काढल्या, त्यांची स्थापना झाली आणि बांध टिकला. अंबाबाईच्या गावात राहणाऱ्याला ही कथा परकी वाटत नाही. ज्याने कागदावरचा बांध तीनदा-चारदा वाहून जाताना पाहिला आणि शेवटी समुद्रालाच विचारले, बाबा, तुझे म्हणणे काय, तो माणूस मला त्या कथेत दिसतो. पाण्याला विचारणे हे शहाण्या माणसाच्या लेखी वेड असते. तो नकाशाला विचारतो.

आणखी एक वेड अवाबाई जमशेदजी जीजीभॉय यांचे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी होडीने ओलांडावी लागे आणि होड्या बुडत. सरकार पैसे द्यायला तयार नव्हते. या बाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये काढून दिले आणि अट घातली ती अशी की, या रस्त्यावर कधी जकात घ्यायची नाही. १८४५ च्या सुमारास तो रस्ता पुरा झाला. पैसे घालून परत काही न मागणे हा व्यवहार कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. पण समुद्र भरण्याच्या सगळ्या इतिहासात लोकांची ये-जा हाच उद्देश असलेले काम शोधू गेले, तर हेच नाव वर येते.

यानंतर शहाण्यांचे युग आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. तो कुठे घालायचा? समुद्रात. बॅकबेचा उपसागर भरून काढण्यासाठी कंपनी निघाली, तिच्यामागे प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बाजाराचे राजे उभे राहिले आणि पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या पुढे गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैला, सौद्यांच्या मुदतीच्या दिवशी, निम्मे शहर भिकेला लागले. त्या काळात घरे विकून शेअर घेणाऱ्याला कुणी मूर्ख म्हणत नव्हते. मूर्ख तो, ज्याने घेतले नाहीत.

आता लॉइडसाहेब. जॉर्ज लॉइड डिसेंबर १९१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १९२३ च्या अखेरपर्यंत राहिला. माणूस हुशार, तडफदार, कामाचा उरक असलेला. सिंधमध्ये सिंधू नदीवर सक्करला बंधारा बांधण्याच्या योजनेला गती दिली ती यानेच. मुंबईत घरांची टंचाई भयंकर होती, भाडी अस्मानाला भिडली होती, गिरण्यांतल्या मजुरांना एकेका खोलीत दहा-दहा जणांनी झोपावे लागत होते. त्याने स्वतंत्र विकास खाते काढले, कर्ज उभारले आणि बॅकबेची जुनी योजना पुन्हा हाती घेतली. आठ ब्लॉक, मिळून ११४५ एकर. चर्चगेटपासून कुलाब्याच्या टोकाकडे समुद्रात भिंत घालायची, पलीकडच्या बंदरातला गाळ ड्रेजरने उपसायचा, तो पाइपातून कुलाबा ओलांडून अलीकडे आणायचा आणि भिंतीच्या आत सोडायचा. गाळ बसेल, जमीन होईल, जमीन विकली जाईल, कर्ज फिटेल आणि वर नफा उरेल. मुख्य ड्रेजरला गव्हर्नरचेच नाव दिले होते. कागदावर या योजनेत एकही चूक दिसत नाही.

चूक समुद्रात होती. ड्रेजर ताशी जेवढा गाळ काढील असे धरले होते, तेवढा तो काढीना. बंदराच्या तळाशी जेवढी मऊ माती आहे असे मानले होते, तेवढी ती नव्हती. आणि भिंत होती मोकळ्या दगडांची. ड्रेजरने रात्रंदिवस खपून जो गाळ आत टाकावा, तो भरती-ओहोटीबरोबर दगडांच्या फटींतून हळूहळू पुन्हा समुद्रात जावा. सरकार समुद्रातला गाळ काढून समुद्रातच टाकत होते आणि दर वेळी त्याचे बिल लावत होते. खर्चाचा अंदाज दुपटीने, मग आणखी वाढत गेला. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली, जमिनीचे भाव पडले, गिऱ्हाईक उरले नाही. दशकाच्या मध्यावर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि शेवटी आठातले चार ब्लॉक सोडून द्यावे लागले. हाती आली सुमारे ४४० एकर. त्यातला मोठा तुकडा लष्कराने घेतला.

हे सगळे बाहेर काढले ते खुर्शेद फ्रामजी नरिमन या पारशी वकिलाने. त्यांची मूर्खांच्या यादीतली जागा सर्वांत वरची. विधिमंडळात ते प्रश्नांमागून प्रश्न विचारीत, वर्तमानपत्रांतून लिहीत. किती गाळ निघाला? मोजला कुणी? ठेका कुणाला? नमुने कुठले? सत्तेशी जमवून घेतले असते तर त्यांच्या वकिलीला काय कमी पडले असते? त्यांनी विकास खात्यातल्या अधिकाऱ्यांवर उघड आरोप केले. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. हा खटला मुंबईत फार गाजला. एका बाजूला सरकारची सगळी ताकद, दुसऱ्या बाजूला कागदपत्रांचे गठ्ठे घेऊन उभा असलेला एक माणूस. नरिमन निर्दोष सुटले. १९३५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांताचे नेतृत्व त्यांच्याकडे येईल असे पुष्कळांना वाटत होते. ते बाळासाहेब खेरांकडे गेले. १९४८ मध्ये नरिमन वारले. पुढे त्याच बॅकबेतला आणखी समुद्र भरला गेला आणि त्या भरावाला नाव देण्यात आले, नरिमन पॉइंट.

ज्या माणसाने भराव थांबवण्यासाठी आपली पुण्याई पणाला लावली, त्याचे नाव भरावालाच दिले. नाव देणाऱ्यांच्या मनात आदरच असणार, यात मला शंका नाही. पण आज तिथे रोज येणाऱ्या हजारो नोकरदारांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की, ज्याच्या नावाच्या पाट्या आपण वाचतो, तो या जमिनीच्या विरोधात उभा होता?

आता उपकार मोजू या.

पहिला उपकार, योजना फसली. ती पार पडली असती तर ११४५ एकर एकाच दमात, एकाच नकाशाने, लिलावाच्या एकाच यादीने भरली गेली असती. ड्रेजर रडतखडत चालला, भिंत गळली, कर्ज संपले, म्हणून बॅकबेतले पुष्कळ पाणी पाणीच राहिले. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून मुंबईचा माणूस जो समुद्र बघतो, तो या नालायक भिंतीने त्याच्यासाठी राखून ठेवला. संध्याकाळी तिथे गिरगावातले कुटुंब असते, धारावीतले असते, आपल्या सोळांकूर-मुरगूडकडून पोलीस भरतीला गेलेली पोरे असतात. कठड्यावर बसायला पैसे पडत नाहीत. तिथली अपुरेपणातून वाचलेली मोकळी हवा मुंबईच्या गरिबाची सर्वांत मोठी मालमत्ता आहे, असे मी मानतो.

दुसरा उपकार म्हणजे मरीन ड्राइव्ह स्वतःच. जमीन महाग पडली होती आणि गिऱ्हाईक नव्हते, म्हणून विकायला वेळ लागला. इमारती १९३० च्या दशकात उठल्या. एका उंचीच्या, गोल कोपऱ्यांच्या, सलग सज्जांच्या. घाईची तेजी असती तर प्रत्येकाने आपापला महाल उठवला असता. सावकाशीमुळे नियम पाळले गेले. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटले, त्यात या इमारती आहेत.

तिसरा उपकार मला सर्वांत जवळचा. ज्या विकास खात्याने समुद्रात पैसे ओतले, त्याच खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीत १२. बीडीडी चाळी म्हणतात त्या याच. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. सुरुवातीला खोल्या ओसाड पडल्या, कारण भाडे मजुराला परवडेना आणि सोयी नव्हत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळी सत्याग्रहींना डांबायला तुरुंग म्हणून वापरल्या. पुढे मात्र कोकणातली, साताऱ्याची, आपल्या कोल्हापूरची माणसे त्या भरून राहिली. एका खोलीत गावाकडचे पाच-सहा पाहुणे, पाळीपाळीने झोपणारे. मुंबईच्या सर्वांत महागड्या बेटाच्या हिशेबवहीत गिरणी कामगाराच्या वाट्याला आलेले एकमेव पान ते.

उपकारांची यादी इथे थांबते, कारण नंतरच्या लोकांनी लॉइडइतका मूर्खपणा दाखवला नाही. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात एक योजना मांडली. दक्षिणेच्या टोकाला शहर आणखी दाटू नका. खाडीपलीकडे, पूर्वेला नवे शहर वसवा आणि सरकारी कचेऱ्याच तिकडे न्या, म्हणजे माणसे आपोआप जातील. सरकारला योजना पटली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहू लागली. आणि त्याच वर्षांत सरकार नरिमन पॉइंट भरत होते, भूखंड देत होते. जाहीर लिलावाशिवाय भूखंड दिल्याबद्दल पिलू मोदी आणि इतर काहीजण उच्च न्यायालयात गेले. मुख्य कचेऱ्या मात्र पूर्वेला गेल्याच नाहीत. विधानभवनही १९८१ मध्ये नरिमन पॉइंटजवळच उघडले. म्हणूनच आपला पाणंद रस्त्याचा माणूस नवी मुंबईऐवजी पार समुद्रात जातो.

या तिघांनाही त्या काळी स्वप्नाळू म्हटले गेले. त्यांचे स्वप्न खरे धरले असते तर दक्षिण मुंबईकडे रोज सकाळी लोकलच्या दारात लोंबकळत जाणाऱ्यांपैकी किती जीव वाचले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वेड्यांचा वंश बुडालेला नाही, हे अलीकडे वरळीच्या कोळ्यांनी दाखवले. सागरी किनारा रस्त्यासाठी पुन्हा भराव पडला, सुमारे १११ हेक्टर. वरळी कोळीवाड्यासमोर पुलाच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवायचे ठरले होते. होडी जाण्यास ते पुरेसे आहे, असे कागद सांगत होते. कोळ्यांनी सांगितले, खवळलेल्या पाण्यात, वाऱ्यात, एकीकडून एक होडी येताना दुसरी जाताना ते पुरत नाही. त्यांनी काम अडवले. विकासाला आडवे येणारे, हट्टी, अडाणी, काय काय म्हटले गेले त्यांना. २०२२ च्या अखेरीस सरकारने एक खांब काढून अंतर १२० मीटर करायचे मान्य केले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ते पाणी हाताने मोजले, त्यांचे माप बरोबर ठरले.

कोल्हापूरला समुद्र नाही, म्हणून हे सारे दूरचे वाटेल. पण आपल्याकडे पाणी भरून जमीन करण्याची परंपरा लहान नाही. वरुणतीर्थ भरले, त्याचे गांधी मैदान झाले. दर पावसाळ्यात ते मैदान पुन्हा तलाव होऊन दाखवते. कपिलतीर्थाची मंडई झाली. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आले. रंकाळा उरला, तो कोल्हापूरकरांच्या जिवाचा आहे म्हणून. आणि आता पाळी नदीच्या पूरक्षेत्राची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त मानतात ती सरस्वती, अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी, ४३ धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, सुतारवाडा पाण्यात. शिरोलीजवळ महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, भाजी नाही. त्या दिवसांत कोल्हापूर हे माणसाने केलेले बेट होते, आणि त्यावर घरे होती.

याच लॉइडच्या काळात आपल्याकडे एक राजा होता. शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला घेतले. त्यावरही छोट्या संस्थानाला न झेपणारे वेड अशी टीका होण्यासारखीच ती गोष्ट होती. १९१८ च्या सुमारास पैसे संपले, भिंत अर्धी राहिली. १९२२ मध्ये महाराज मुंबईतच वारले. मागाहून धरण पुरे झाले आणि आज उन्हाळ्यात जे पाणी आपल्या उसाला आणि नळाला येते, त्यात त्या अर्धवट भिंतीचा वाटा आहे. दोन्ही भिंती पैशाअभावी अडल्या. एक पाणी साठवायला बांधली होती, दुसरी पाणी हुसकायला. एक पुरी झाली हे बरे झाले. दुसरी पुरी झाली नाही हेही बरे झाले.

म्हणून मी कोल्हापुरातल्या वेड्यांच्या बाजूचा आहे. नदीकाठी मुरमाचे डंपर रिकामे होऊ लागले की जो फोटो काढून अर्ज देतो तो वेडा. पूररेषेच्या नकाशावर हरकत घेतो, सुनावणीला एकटाच हजर राहतो आणि तारीख घेऊन परत येतो तो वेडा. शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव काढून खांबांवर पूल करा, पाण्याला जायला वाट द्या, म्हणून ओरडणारे वेडे. त्यांच्यावर हसणाऱ्यांपैकी पुष्कळजणांनी पुरात आपला पहिला मजला सोडून गच्चीवर मुक्काम केला आहे. हसू मावळल्यावर तेच लोक विचारतात, नरिमन विचारीत होते तेच: मोजले कुणी? परवानगी दिली कुणी? पाणी जाणार कुठून?

मुंबईने नरिमन यांचे नाव जागा भरून झाल्यावर दिले. आपण क्रम उलटा करावा, अशी माझी कोल्हापूर महापालिकेला आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींना विनंती आहे. निळ्या पूररेषेच्या आत जी कुरणे, जी उसाची रानं, नाल्याकाठच्या ज्या सखल पट्ट्या आज भरावाविना उरल्या आहेत, त्यांना आत्ताच नावे द्यावीत, त्यांच्यासाठी अर्ज करणाऱ्या, हरकती घेणाऱ्या माणसांची. ठराव करून, सातबाऱ्यावर शेरा मारून, डंपर येण्याआधी. पहिली पाटी जयंती नाला पंचगंगेला मिळतो तिथे लावावी, आणि नावाखाली १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी तिथे कुठवर आले होते, ते फुटा-इंचांत रंगवावे.